तुलनेचे साक्षीदार

पावसाळ्याच्या आत परत येतो, असं सांगून नवरा परमुलखात गेलेला आहे. ढग भरून आले तरी त्याचा पत्ता नाही. घरात बाई वाट पाहते आहे आणि मैत्रीण तिची समजूत घालते आहे. हा प्रसंग गाथासप्तशतीत पुन्हा पुन्हा येतो. तमिळच्या संगम कवितेत तर त्याच्यासाठी एक स्वतंत्र दालनच राखून ठेवलेलं आहे. मेघदूताचा सगळा डोलारा याच प्रसंगाच्या दुसऱ्या बाजूवर, म्हणजे दूर अडकून पडलेल्या नवऱ्यावर, उभा आहे. गोदावरीकाठची माहाराष्ट्री प्राकृत, कावेरी-वैगईच्या खोऱ्यांतली तमिळ आणि कालिदासाचं संस्कृत अशा या तीन भाषा, आणि त्यांतल्या एकीचं कूळच वेगळं. मग हे साम्य आलं कुठून? एकाने दुसऱ्याकडून घेतलं, दोघांनी तिसऱ्याकडून घेतलं, की पाऊस आणि विरह यांची सांगड कुठल्याही मोसमी मुलखात आपोआप पडते?

हा प्रश्न साहित्याचा अभ्यासकच विचारू शकतो, कारण साम्य दिसायला दोन्हीकडच्या कविता वाचलेल्या असाव्या लागतात. पण त्याचं उत्तर त्याच्या एकट्याच्या हातात नाही. तौलनिक साहित्याभ्यासाचं इतर विद्याशाखांशी असलेलं नातं हा या प्रस्तावनेचा विषय आहे, आणि मला ते नातं इथे, या अडचणीच्या जागी, सुरू होताना दिसतं. सर्वसाधारण बोलायला गेलं तर हा विषय फार लवकर गुळगुळीत होतो. साहित्य आणि समाजशास्त्र, साहित्य आणि मानसशास्त्र, साहित्य आणि चित्रकला अशी जोडनावांची यादी तयार होते, ती परीक्षेला उपयोगी पडते आणि विसरली जाते. त्यापेक्षा एकच खटला घ्यावा. त्यात कोण कोण साक्षीला येतं, कोणाची साक्ष टिकते आणि कोणाची उलटतपासणीत ढासळते ते पाहावं. गाथा आणि संगम हा खटला मराठी वाचकाच्या अंगणातला आहे म्हणून तो निवडला.

आधी पक्षकारांची ओळख. गाथासप्तशती हा सातशे सुट्या प्राकृत गाथांचा संग्रह हाल या सातवाहन राजाच्या नावावर आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी सातवाहनाच्या सुभाषितकोशाचा गौरव केला, म्हणजे तोवर त्याची कीर्ती पक्की झाली होती. आधुनिक काळात आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने १८७० आणि १८८१ साली तो अभ्यासून छापला, आणि १९५६ साली स. आ. जोगळेकरांनी भल्यामोठ्या प्रस्तावनेसह मराठीत आणला. संगम कविता आठ संकलनांत आणि दहा दीर्घ काव्यांत विभागलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्यासारख्या संशोधकांनी गावोगावची ताडपत्रं धुंडाळून ती पुन्हा उजेडात आणली; तोवर तमिळनाडूतल्या अनेक विद्वानांनाही ती नावापुरतीच माहीत होती.

या दोन कवितांना एकमेकींसमोर नीट उभं केलं ते जॉर्ज हार्ट यांनी, १९७५ साली. प्राचीन तमिळ कविता आणि तिचे संस्कृत-प्राकृत समांतर असा त्यांच्या पुस्तकाचा विषय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाथेतल्या आणि संगम कवितेतल्या कित्येक कल्पना जुन्या संस्कृत वाङ्मयात आढळत नाहीत, त्या प्राकृतातून पुढे कालिदासापर्यंत पोचल्या. पण प्राकृताने त्या तमिळमधून उचलल्या असंही नाही. दख्खनच्या पठारावर आणि त्याच्या दक्षिणेला महापाषाणयुगीन लोकांची एक मौखिक गीतपरंपरा असावी, आणि दोन्ही संग्रह तिच्याच दोन शाखा. रामायणातल्या किष्किंधाकांडाचा वर्षाऋतू आठवून कोणी इथे आक्षेप घेईल, आणि घ्यावाही. पण तेवढ्याने सगळी इमारत कोसळत नाही.

इथे पहिला साक्षीदार उभा राहतो, पुरातत्त्व. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथे महापाषाणयुगीन दगडी वर्तुळं आहेत. त्यांत लोखंडाची हत्यारं सापडली, घोड्यांचे अलंकार सापडले. अशीच वर्तुळं आणि दफनं खाली थेट तमिळ मुलखापर्यंत आढळतात, तेव्हा एकाच भौतिक संस्कृतीचा पट्टा होता एवढं पुरातत्त्व शपथेवर सांगू शकतं. पण ती माणसं कुठली भाषा बोलत आणि काय गात, हे ते सांगू शकत नाही. हार्ट यांना हवं ते गाणं दगडाखाली मिळत नाही. पुरातत्त्वाने जे सांगितलं नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही, ही शिस्त साहित्याचे लोक सहज विसरतात. ‘उत्खननांतून सिद्ध झाले आहे’ असं वाक्य समीक्षेच्या लेखात दिसलं की मी आधी उत्खननाचा अहवाल शोधायला लागतो.

मौखिकतेची बाजू हार्ट यांच्या आधीच एका वेगळ्या वाटेने आली होती. मिलमन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या गायकांची ध्वनिमुद्रणं केली. होमरची महाकाव्यं तयार वाक्खंडांच्या आधारे गाता गाता रचली गेली असावीत, हे जिवंत गायकांवरून तपासायचा तो प्रयत्न होता. पॅरी लवकर गेले. त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली त्याचं शास्त्र केलं. श्रीलंकेतले क. कैलासपती यांनी बर्मिंगहॅममध्ये जॉर्ज थॉमसन या मार्क्सवादी ग्रीकपंडिताच्या हाताखाली तेच शास्त्र संगम वीरकाव्याला लावलं. त्यांचं पुस्तक १९६८चं. होमर, बाल्कन देशातले गायक आणि पुरनानूरु हे संगम संकलन अशी ही साखळी आहे. तौलनिक अभ्यासाचं खरं रूप मला अशा साखळीत दिसतं. एका पुस्तकासाठी तीन विद्या शिकाव्या लागल्या, आणि त्या शिकल्याचं पानापानावर जाणवतं.

मग २००१ साली डच विद्वान हर्मन टीकेन यांनी सगळा खटला उलटा फिरवला. त्यांच्या मते संगम कविता मौखिक नाही आणि प्राचीनही नाही. आठव्या-नवव्या शतकात पांड्य दरबारी प्राकृत काव्याचा नमुना समोर ठेवून ती रचली गेली. तमिळ अभ्यासकांत गदारोळ झाला, आणि हार्ट यांच्यासह अनेकांनी भाषेच्या आणि शिलालेखांच्या आधारे त्यांचं खंडन केलं. कालनिर्णयापुरतं मलाही टीकेन पटत नाहीत. पण गाथेबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मराठी वाचकाने मनावर घ्यायला हवी: गाथेतली खेडवळ बाई नगरातल्या रसिकासाठी बोलते आहे. आपल्याकडे गाथेवरून सातवाहनकालीन खेड्याचं चित्र काढायची हौस मोठी. पिकं कोणती, गावचा पाटील कसा वागे, बायकांना मोकळीक किती, हे गाथा वाचून सांगणारे लेख आपण कौतुकाने वाचतो. इतिहासकाराने कवितेची साक्ष काढायला हरकत नाही. मात्र ती कोणापुढे आणि कशासाठी दिली गेली, हे विचारायचं काम साहित्याच्या अभ्यासकाचं आहे. इथे देणेकरी आणि घेणेकरी बदलतात.

तारखांचा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक. गाथेत एके ठिकाणी मंगळवाराचा उल्लेख आहे. दे. रा. भांडारकरांनी त्यावर बोट ठेवलं. ग्रहांच्या नावाचे सात वार भारतात ग्रीक ज्योतिषाच्या मागून आले. शिलालेखात वार नोंदवल्याचं जुनं उदाहरण म्हणजे एरणचा बुधगुप्ताचा स्तंभलेख, इ.स. ४८४चा. मग मंगळवार जाणणारी गाथा हालाच्या पहिल्या शतकातली कशी? भांडारकरांनी सगळा संग्रहच सहाव्या शतकाकडे ढकलला. वा. वि. मिराशींनी त्याला जे उत्तर दिलं त्याची दिशा निराळी होती: एका गाथेचा काळ हा कोशाचा काळ नव्हे. मूळ कोश लहान होता आणि त्यात पुढे भर पडत गेली. वेबर यांना सगळ्या पाठपरंपरा मिळून हजाराच्या जवळपास गाथा सापडल्या होत्या, आणि सर्व परंपरांत समान असलेल्या गाथा होत्या फक्त ४३०. म्हणजे पंचांगाच्या इतिहासाने उभा केलेला पेच पाठचिकित्सेने सोडवला, निदान सैल तरी केला. एका कवितेच्या वयासाठी ज्योतिष, शिलालेख आणि हस्तलिखितं यांना एकाच ओळीत उभं राहावं लागलं.

तमिळकडच्या बाजूला असाच एक लेख आहे. करूरजवळ पुगलूरच्या टेकडीवर जैन मुनीला दिलेल्या शय्यागुहेचा दानलेख आहे आणि त्यात चेर राजांच्या तीन पिढ्या येतात. ही नावं संगम संकलनांतल्या पदिट्रुप्पत्तुमधल्या राजांशी जुळतात. इरावतम महादेवन यांनी तमिळ-ब्राह्मी लेखांचा जो मोठा संग्रह २००३ साली प्रसिद्ध केला, त्यात हा लेख इ.स.च्या दुसऱ्या शतकात ठेवला आहे. (महादेवन सनदी अधिकारी होते, पुराभिलेखविद्या त्यांनी नोकरी सांभाळून आत्मसात केली.) टीकेन यांच्या मताला सगळ्यात जड जाणारा पुरावा हाच. त्याच दुसऱ्या शतकात सातवाहनांची चांदीची नाणी निघाली. त्यांवर राजाचा चेहरा आहे, एका बाजूला प्राकृत लेख आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा. काही नाणकशास्त्रज्ञ तिला सरळ तमिळच म्हणतात. सातवाहनांच्या टांकसाळीत दोन्ही भाषा शेजारी बसत होत्या, एवढं तर ही नाणी दाखवतातच. हार्ट यांच्या अदृश्य गीतपरंपरेपेक्षा हा पुरावा मला जास्त ठोस वाटतो. दोन भाषा जाणणारी माणसं, व्यापारी, कारकून, सैनिक, भाट, या मुलखात होती. आणि अशी माणसं असली की कविता एका भाषेतून दुसरीत जायला महापाषाणयुगापर्यंत मागे जायचं कारण उरत नाही.

पण इथेच एक सापळा आहे. शिलप्पदिकारम या महाकाव्यात लंकेचा राजा गजबाहू येतो. लंकेच्या बखरींवरून त्याचा काळ दुसरं शतक. म्हणून त्याचा समकालीन चेर राजा दुसऱ्या शतकातला. म्हणून त्या राजाची स्तुती करणाऱ्या कविता त्याच काळातल्या. दीर्घकाळ संगमाचा कालनिर्णय या एका दुव्याला टांगलेला होता. दुवा स्वतः एका काव्यातून घेतलेला, आणि ते काव्य त्या घटनांनंतर बऱ्याच काळाने रचलेलं. मग इतिहासकार वाङ्मयाचा हवाला देतो, वाङ्मयाचा अभ्यासक इतिहासाचा देतो, आणि वर्तुळ पुरं होतं. दोघांनाही आपण दुसऱ्या शास्त्राच्या भक्कम पायावर उभे आहोत असं वाटत राहतं. आंतरविद्याशाखीय हा शब्द मोठ्या उत्साहाने वापरला जातो तेव्हा मला हे वर्तुळ आठवतं. दोन शास्त्रं एकत्र आणली म्हणजे पुरावा दुप्पट झाला असं नाही; दोघांनी एकमेकांना न विचारता तेच सांगितलं असेल तरच तो वाढतो. पुगलूरच्या लेखाचं मोल यासाठी आहे. टेकडीवर अक्षरं कोरणाऱ्याने पदिट्रुप्पत्तु वाचून ती कोरली नव्हती.

हस्तलिखितांच्या वंशवृक्षाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण अलीकडे त्याची फार चलती आहे. चुका समान असतील तर प्रतींचं मूळ समान, हे पाठचिकित्सेचं जुनं तत्त्व. जीवशास्त्रज्ञ जनुकांच्या बदलांवरून प्रजातींचा वृक्ष काढतात त्याच्याशी ते जुळतं. १९९८ साली केंब्रिजच्या जीवरसायनतज्ज्ञांनी आणि साहित्याभ्यासकांनी मिळून चॉसरच्या कँटरबरी कथांच्या प्रतींना उत्क्रांतिशास्त्रातली गणनपद्धती लावली आणि तो लेख ‘नेचर’मध्ये छापून आला. पद्धत देखणी आहे. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. सी. सुकथनकरांनी १९३३च्या आपल्या उपोद्घातात दाखवून दिलं की महाभारताच्या प्रती एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की शुद्ध वंशवृक्ष काढता येत नाही. केंब्रिजला गणित शिकलेल्या माणसाने हे सांगितलं, यालाही अर्थ आहे. गाथेच्या बाबतीत अडचण आणखी एका पायरीने पुढे जाते. तिथे प्रत्येक गाथा सुटी आहे, प्रत्येकीचा प्रवास वेगळा. सातशे वृक्ष काढावे लागतील, आणि बहुतेकांना एखादीच फांदी असेल.

निसर्गाकडे वळलं की वातावरण मोकळं होतं. संगम काव्यशास्त्राने प्रेमाच्या पाच अवस्था पाच प्रदेशांना जोडल्या: डोंगरात मीलन, कुरणात वाट पाहणं, शेतीच्या सुपीक पट्ट्यात नवऱ्याची बाहेरख्याली, समुद्रकाठी काळजी, उजाड माळावर ताटातूट. प्रत्येक प्रदेशाला एका वनस्पतीचं नाव. डोंगराची ती कुरिंजी. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत ती बारा वर्षांनी एकदा सामुदायिक फुलते. आपल्या सह्याद्रीतली कारवी तिच्याच गोतावळ्यातली, साधारण सात-आठ वर्षांनी फुलणारी. कुरुंदोगै या संगम संकलनातल्या एका प्रसिद्ध कवितेत प्रियकराच्या डोंगरातल्या कुरिंजीच्या मधाचा उल्लेख येतो. फुलोऱ्याच्या वर्षी डोंगर मधमाश्यांनी कसा भरून जातो हे कारवी पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि त्या उल्लेखाचं वजन त्याला समीक्षकाआधी कळतं. जोगळेकरांनी गाथेच्या आधी ‘सह्याद्रि’ लिहिलं होतं. त्यांच्या प्रस्तावनेत वनस्पती, नद्या, घाटवाटा इतक्या सहज येतात त्याचं कारण तेच असावं. हायडेलबर्गचे ग्युंटर सोंथायमर मुळात हिंदू कायद्याचे अभ्यासक, पण तेही प्रदेशाकडेच वळले. ते धनगरांच्या वाड्यांवर ओव्या ऐकत हिंडले आणि बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबांवरचं त्यांचं पुस्तक १९७६ साली आलं. कुरणातला देव आणि शेतीचा देव यांतला फरक त्यांनी मेंढपाळांच्या वाटांवरून समजून घेतला. खंडोबाच्या म्हाळसा आणि बाणाई, मुरुगनच्या देवसेना आणि वळ्ळी: एक घरंदाज आणि एक रानातली, ही जोडी दोन्हीकडे आहे. ती पाहून दक्षिणेकडे बघावंसं न वाटणारा अभ्यासक विरळा.

मौखिक परंपरा म्हणजे नेमकं काय, याची कल्पना यायला मात्र तमिळनाडूला जायची गरज नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; बर्नार्ड बेल या संगणक जाणणाऱ्या संगीतशास्त्रज्ञाने त्यांचा माहितीसंग्रह बांधला. शब्द, चाल, गाणारीचं गाव, जात, विषय असं सगळं एकत्र ठेवलेलं असल्याने समाजशास्त्रज्ञ, संगीतज्ञ आणि काव्याचा वाचक तिघेही तिथे काम करू शकतात. ही ओवी गाथेसारखीच आखूड, सुटी, बाईच्या तोंडची. म्हणून गाथा म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची ओवीच, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. जात्यावर बसलेली बाई आईबद्दल, भावाबद्दल, लेकराबद्दल, माहेरच्या वाटेबद्दल किती गाते! गाथेतल्या बाईला भाऊ जवळजवळ नसतोच. तिला प्रियकर असतो, नवरा असतो, सासू असते ती आडवी येण्यापुरती. ओवी बाईने बाईजवळ गायली. गाथा पुरुषांच्या सभेत वाचली गेली. विसाव्या शतकातली ओवी पहिल्या शतकाची साक्षीदार होऊ शकत नाही, पण गाथेत काय गाळलं गेलं आहे ते तिच्यामुळे दिसतं. टीकेन यांच्या त्या अर्ध्या म्हणण्याला मी मान दिला तो या तुलनेनंतर.

विषयाच्या इतिहासावर फार पानं खर्च करत नाही. या शाखेने नावातलं ‘तुलनात्मक’ हे विशेषणच क्यूव्हिएच्या काळच्या तौलनिक शरीरशास्त्राकडून उसनं घेतलं. त्या नावाचं इंग्रजीतलं पहिलं पुस्तक १८८६ साली पॉस्नेट यांनी लिहिलं आणि ते एका शास्त्रीय ग्रंथमालेत निघालं. रवींद्रनाथांनी १९०७ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत तौलनिक साहित्याला विश्वसाहित्य म्हटलं. त्याच परिषदेतून उभ्या राहिलेल्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंनी १९५६ साली स्वतंत्र विभाग काढला. मुंबई विद्यापीठातल्या टागोर अध्यासनावर वसंत बापट आणि पुढे भालचंद्र नेमाडे होते. १९६१ साली हेन्री रेमाक यांनी इतर ज्ञानक्षेत्रांशी असलेला संबंध थेट व्याख्येतच घातला. तीनच वर्षांपूर्वी रेने वेलेक यांनी उलट इशारा दिला होता: साहित्याच्या देवाणघेवाणीचे हिशेब ठेवता ठेवता साहित्यच बाजूला पडतं. दोघेही बरोबर आहेत, असं म्हणून हा वाद मिटवता येत नाही. माझा कल रेमाककडे आहे, पण गाथेवरचा एखादा लेख वाचून संपवावा आणि एकही गाथा लक्षात राहू नये, असं झालं की वेलेक आठवतात.

तारखांचा हा वाद विद्वानांच्या खोलीत राहिलेला नाही. तमिळला अभिजात भाषेचा दर्जा २००४ साली मिळाला, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला. मराठीच्या बाजूने रंगनाथ पठारे समितीने मांडलेल्या पुराव्यांत गाथासप्तशती होती, आणि ज्या दिवशी मराठीला दर्जा मिळाला त्याच दिवशी प्राकृतलाही मिळाला. गाथा जुनी असावी अशी आपली इच्छा आहे. संगम त्याहून जुना असावा अशी तिकडची. इच्छा असणं वाईट नाही. पण मंगळवारच्या गाथेसमोर ती बाजूला ठेवता आली नाही, तर पुढचं संशोधन पत्रकबाजी होतं.

पुढचे लेख वाचताना दोन पुस्तकं हाताशी असावीत अशी शिफारस आहे: जोगळेकरांची गाथा, आणि अ. कृ. रामानुजन यांनी कुरुंदोगैमधून निवडून १९६७ साली इंग्रजीत आणलेल्या कविता. रामानुजन म्हैसूरचे, बेळगावात शिकवलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकलेले. कानडी, तमिळ आणि इंग्रजी अशी त्यांची ये-जा. दोन्ही पुस्तकं कुठूनही उघडावीत. पावसाच्या कवितांपासून सुरुवात केली तर उत्तम, कारण पहिला लेख त्यांच्यावरच आहे आणि त्यातला मुद्दा पटतो की नाही हे वाचकाला स्वतः ठरवता येईल. नाण्यांवरचा लेख जरा अवघड आहे. तो दुसऱ्या वाचनासाठी ठेवला तरी चालेल.